परिचयातून गाळलेलं वाक्य

दुबई-शारजाहून परत आल्यावर मी एक प्रवासवर्णन लिहिलं होतं. मिरजेच्या एका छोट्या दिवाळी अंकात ते छापूनही आलं. त्यात दुबईतल्या रास अल खोरच्या पाणथळीतले रोहित पक्षी होते, सोन्याच्या बाजारातला झगमगाट होता, उंटिणीच्या दुधाची खारट चव होती. लोकांना आवडलं. बायकोनं वाचून अंक मिटला आणि एवढंच विचारलं, "यात सालेह कुठंय?" मी म्हटलं, जागा कमी होती.

त्याला काही वर्षं झाली. जागा भरपूर होती. म्हणून तोच प्रवास दुसऱ्यांदा लिहितो आहे, आणि या खेपेला पक्षी कमी असतील.

शारजा

सत्त्याण्णवच्या मार्चात, परीक्षांच्या आधीची रजा काढून मी माझ्या धाकट्या बहिणीकडे, शुभाकडे गेलो. तिचे यजमान विनायकराव यांचा रास अल खोरच्या औद्योगिक भागात छापखाना आहे. राहायला मात्र ते शारजाला, कारण दुबईपेक्षा भाडं निम्मं. त्या निम्म्या भाड्यापायी ते रोज सकाळ-संध्याकाळ गाड्यांच्या रांगेत दीड-दीड तास काढतात. या रांगेला तिथं कुणी नावं ठेवत नाही. डबे गाडीत खातात, मुलांचे पाढे गाडीत घेतात.

मी राज्यशास्त्र शिकवतो. स्वभावानं घुमा आहे. घरात दिवसाकाठी चार वाक्यं बोलत असेन तर पुष्कळ. पण हातात माइक आला की माझं काहीतरी होतं. मिरज-सांगलीकडच्या सत्कारसमारंभांत पाहुण्यांचा परिचय करून द्यायला मलाच बोलावतात. "सर, दोन शब्द," असं म्हणतात आणि मी वीस मिनिटं बोलतो.

शारजात पहिले काही दिवस मला करमेना. खाण्यापिण्याची चंगळ होती. शुभा सकाळी थालीपीठ करायची, संध्याकाळी विनायकराव इराण्याकडची मोठाली गरम रोटी आणायचे. दारू या अमिरातीत मिळतच नाही, आणि मी घेत नाही, तेव्हा तोही प्रश्न नव्हता. माझी तगमग वेगळीच होती. आठ दिवसांत एकाही माणसानं माझ्याशी राजकारणाचा विषय काढला नव्हता. आपल्याकडे न्हाव्याच्या खुर्चीत बसलं तरी तो सरकार पाडून मोकळा होतो. इथं महाराष्ट्र मंडळाच्या घरगुती बैठकीत चर्चा घरभाड्याची, शाळेच्या ॲडमिशनची आणि मुंबईच्या फ्लाइटची. पाच दिरहमचा पाव कुणी खाल्ला की मोठ्यानं हिशेब, "पन्नास रुपये झाले बघा," आणि हशा.

एकदा जेवताना मी भाचीला, ऋचाला विचारलं, "तुमच्या इथं निवडणूक कधी असते गं?"

"मामा, देअर इज नो इलेक्शन," ती ताटातून मान वर न करता म्हणाली. "नोबडी आस्क्स सच थिंग्ज."

विनायकराव हसले, पण त्यांनी शुभाकडं पाहिलं ते मला दिसलं. त्या संध्याकाळी मी गच्चीवर येरझाऱ्या घालत राहिलो. मी पक्षाचा माणूस. कॉलेजच्या दिवसांपासून एका पक्षाचं काम केलेलं. धर्माचं नाव घेऊन मतं मागणारा पक्ष, एवढं सांगितलं तरी पुरे. वॉर्डातल्या मतदारयाद्या, स्लिपा, चिन्हांचे शिक्के यांत माझं तारुण्य गेलं.

रास अल खोर

दुसऱ्या आठवड्यात मी विनायकरावांबरोबर छापखान्यात जाऊ लागलो. पत्र्याच्या शेड, टायरांची दुकानं, कांद्याबटाट्याचे घाऊक गाळे, आणि रस्त्याच्या पलीकडे खाडीच्या दलदलीत गुलाबी रोहित पक्षी एका पायावर उभे. छापखान्यात केरळचे, बिहारचे, फिलिपिन्सचे लोक. अरबी मजकुराचं सगळं काम एकट्या सालेहकडं. तो येमेनी, उत्तरेकडच्या ताइज या डोंगरी शहराचा, चाळिशी ओलांडलेला. लग्नपत्रिकांची सुलेखनातली नावं तो बोरूनं काढायचा आणि संगणकावर जुळवायचा. हिंदी त्याला येत होतं, दुकानदारांकडून शिकलेलं, लिंगवचनाची पर्वा न करणारं.

मला पाहून त्यानं पहिल्याच दिवशी वेलदोडा घातलेला दाट दुधाचा चहा पुढं केला. "अदन का चाय. मेरी बीवी अदन की. उसका दादा बोलता था, अदन तो बंबई का महल्ला है." एके काळी दक्षिण येमेनमधल्या या अदन बंदराचा कारभार खरंच मुंबईहून चालायचा, हे मी वर्गात शिकवलेलं. त्याला ते सांगितल्यावर त्याचा चेहरा फुलला, जणू मी त्याच्या सासुरवाडीचा निघालो.

बायको आणि दोन मुली अजून अदनलाच होत्या. त्यांच्या व्हिशाचा अर्ज विनायकरावांच्या कफीलकडं, म्हणजे ज्याच्या नावावर सगळ्या कामगारांचे व्हिसे असतात त्या धंद्यातल्या स्थानिक भागीदाराकडं सहीसाठी गेला होता. कफीलनं शब्द दिला होता. सालेहनं शारजात एक खोली घेऊन ठेवली होती, मुलींसाठी पलंगसुद्धा आणून ठेवले होते. विचारलं की म्हणायचा, "इन्शाल्ला, ईद के पहले."

फुजैराच्या वाटेवर

शुक्रवारी सुट्टी. विनायकरावांना काम निघालं, म्हणून त्यांनी मला सालेहबरोबर पूर्व किनाऱ्यावरच्या फुजैराला धाडलं. समुद्र बघून या, म्हणाले. धैद गावाच्या पुढं वाळू संपते आणि तपकिरी, बोडके, चुरगळलेल्या कागदासारखे डोंगर सुरू होतात. वाटेत रस्त्याकडेचा बाजार लागला. गालिचे, मातीची भांडी, हवा भरलेले प्लास्टिकचे हत्ती. आमचं चाक तिथंच पंक्चर झालं. जॅक लावायला आम्ही दोघंही तितकेच अडाणी. शेवटी एका पठाणानं आम्हाला बाजूला सारलं आणि काम करून दिलं. तोवर गालिच्याच्या दुकानाच्या सावलीत बसून आम्ही आंबे खाल्ले, आणि मी, आठवडाभर उपाशी असल्यासारखा, विचारलं की तुमच्या देशात पुढच्या महिन्यात निवडणूक आहे ना?

त्यानं हातातली कोय फेकली, हात पुसले. मग बोलू लागला तो फुजैरा जवळ येईपर्यंत थांबला नाही.

नव्वद सालापर्यंत तो सौदीत होता. आखाती युद्धाच्या वेळी येमेनी लोकांवर गैरमर्जी झाली आणि लाखो माणसं रातोरात परत गेली. तोही गेला, एक ट्रंक घेऊन. किनारपट्टीवरच्या छावणीत सरकार आलं नाही, मशिदीतली माणसं आली. तांदूळ आणला, औषध आणलं, मुलांची शाळा तंबूत काढली. त्याच साली उत्तर आणि दक्षिण असे दोन येमेन एक झाले होते, पक्ष काढायला मोकळीक मिळाली होती. ती मशिदीतली माणसंच पक्ष झाली. ताइजमधल्या शाखेची पहिली बैठक एका व्यापाऱ्याच्या दिवाणखान्यात भरली. दाराबाहेर चपला होत्या. सालेह म्हणाला, चपला पाहून कळायचं की आत कोण आहे. टोळीच्या शेखांच्या कातडी वहाणा, मौलवींच्या झिजलेल्या सपाता, आणि आम्हा मास्तर-कारकुनांचे बूट. या तिघांचं एरवी जमत नाही. जमलं ते एका मागणीवर. नव्या राज्यघटनेत शरियत कायद्याचा मुख्य आधार आहे असं लिहिलंय, ते पुरेसं नाही, एकमेव आधार म्हणा.

मी मध्येच विचारलं, मग निवडणूक लढवायला हरकत नव्हती कुणाची? होती, तो म्हणाला. काही मौलवी म्हणत, मतपेटी हा काफिरांचा खेळ. कायदा देवाचा, त्याला हात वर करून मान्यता द्यायची कशी? दोन रात्री वाद झाला. शेवटी ठरलं की सल्लामसलत धर्मात आहेच, आणि आपण नाही उभे राहिलो तर दुसरे राहतील. हा शेवटचा मुद्दा ऐकून मी हसलो. आमच्याकडंही शेवटी तोच मुद्दा जिंकतो.

त्र्याण्णवच्या निवडणुकीत सालेहनं वाहतुकीच्या टेंपोतून डोंगरातल्या वस्त्या पिंजून काढल्या. अंगठ्याला शाई लावलेल्या बायकांची रांग त्यानं मला हातवारे करून दाखवली. बायकांच्या मतांसाठी पक्षानं बायकांचं वेगळं पथक केलं होतं, घरोघर जायचं. तिकीट मात्र बाईला नाही. "मेरी बीवी बोलती थी, तुम लोग को औरत का वोट मंगता, औरत का आवाज नहीं मंगता. मैं बोला, चुप. अभी सोचता हूँ, मैं चुप होना चाहिए था." पक्ष सरकारात गेला. आणि वर्षभरात उत्तर-दक्षिणेत पुन्हा लढाई पेटली. त्यांच्या पक्षातल्या काही मोठ्या लोकांनी सांगितलं की दक्षिणेकडून लढणारे धर्माबाहेरचे, त्यांना मारण्यात पाप नाही. सालेहची बायको दक्षिणेची. तिचा भाऊ अदनच्या बाजूनं लढत होता.

"मैं ऑफिस में गया," तो म्हणाला. "सब के सामने बोला, ये दीन नहीं है, खलास. मेरे साथ कोई नहीं उठा. जूता पहना, निकल गया."

त्या दिवसापासून ताइजचे सोबती त्याला गद्दार म्हणत. अदनला गेला तर तिथले शेजारी उत्तरेचा, त्या पक्षाचा म्हणून थुंकत. दोघांनी एका छपराखाली राहावं अशी जागा देशात उरली नव्हती. म्हणून शारजातली खोली आणि मुलींचे पलंग. त्यानं गाडी हळू केली आणि माझ्याकडं वळून सांगितलं, "सर, ये बात इधर किसी को नहीं. इधर पार्टी का नाम भी मुसीबत." मी मान हलवली.

थोड्या वेळानं त्यानंच विचारलं, "आप भी पार्टी में? कौन सा पार्टी?"

मी सांगितलं. नाव त्याला ठाऊक होतं. आमच्याकडचा ब्याण्णवचा तो डिसेंबर आणि त्यानंतरचा जानेवारी जगभर टीव्हीवर दिसला होता. त्यानं अगदी साधेपणानं, एका कार्यकर्त्यानं दुसऱ्याला विचारावं तसं विचारलं, "वो टाइम आप ने छोड़ा?"

रस्त्यावर बकऱ्या आडव्या आल्या होत्या. मी बकऱ्या बघत बसलो. त्या डिसेंबरात आमच्या शाखेच्या बैठकीत पेढे वाटले होते. मी माझा पेढा खाल्ला नव्हता, खिशात ठेवला होता. एवढाच माझा विरोध. पुढं बैठकांना जाणं कमी केलं, तब्येतीचं कारण दिलं, वर्गणी मात्र भरत राहिलो.

"छोड़ा?" त्यानं पुन्हा विचारलं.

"अभी सोच रहा हूँ," मी म्हणालो. चार-साडेचार वर्षांनी.

त्यानं बकऱ्या जाऊ दिल्या आणि गाडी पुढं काढली. फुजैराचा समुद्र निळाशार होता, मासळी ताजी होती, आणि मला त्या माणसाचा राग येऊ लागला होता. हे तेव्हा मी स्वतःशी कबूल केलं नाही. परतीच्या वाटेवर मी झोपेचं सोंग घेतलं.

पुन्हा रास अल खोर

पुढच्या शुक्रवारी नव्या यंत्राची पूजा होती. चार रंगांचं ऑफसेट, सेकंडहँड जर्मन, विनायकरावांचं दहा वर्षांचं स्वप्न. आपल्या माणसानं परदेशात यंत्र आणलं तरी आपला कार्यक्रम आपल्यासारखाच. यंत्राला हळद-कुंकू, झेंडूची माळ, नारळ. मंडळातली पंधरावीस कुटुंबं, शुभानं केलेली मटारची उसळ आणि साखरभात. आणि अर्थातच सत्कार. जुन्या पाच कामगारांना शाल आणि श्रीफळ. परिचय द्यायला मी.

कफीलसाहेबही आले. पांढरा पायघोळ कंदुरा, अत्तर, अतिशय लाघवी गृहस्थ. त्यांचे वडील मोत्यांच्या व्यापारासाठी मुंबईला येत-जात असत, स्वतः त्यांचं लहानपण निम्मं तिथं गेलेलं. फाटकाशी मीच त्यांचं स्वागत केलं. ते माझ्याशी दहा मिनिटं हिंदीतून बोलले, भेंडीबाजारातल्या फालुद्याबद्दल. हे मुद्दाम लिहितो. पुढं मी सगळ्यांना सांगत आलो की त्यांना हिंदी कळतं हे माझ्या ध्यानात नव्हतं.

माइक हातात आला. बिहारच्या रामाशिषचा परिचय दिला, केरळच्या जोसेफचा दिला. हशा, टाळ्या. मग सालेह पुढं आला. इस्त्री केलेला शर्ट, चेहऱ्यावर कौतुकानं अवघडलेलं हसू. पूजेच्या वेळी तो दारापाशी अदबीनं उभा होता, सत्काराला मात्र शुभानं त्याला हाताला धरून आणलं होतं. आपल्याकडं पाहुण्याचा परिचय म्हणजे त्याचा पक्ष, त्याची पदं, त्यानं भूषवलेली अध्यक्षपदं. त्याशिवाय माणूस मोठा वाटतच नाही. मी म्हणालो,

"सालेहभाई को आप सिर्फ लिखाई करनेवाला कातिब मत समझिए. इनके मुल्क में जब इनकी पार्टी बनी, तब पहली बैठक में बैठनेवालों में ये थे. दीन के नाम पर चुनाव लड़ा, गाँव-गाँव घूमे, और पार्टी को सरकार तक पहुँचाया."

टाळ्या झाल्या. सालेहचं हसू जागच्या जागी थिजलं.

पुढचं वाक्य तयार होतं. जेव्हा पक्षानं चुकीचा रस्ता धरला, तेव्हा सगळ्यांसमोर उठून निघून जाणारे एकटे हेच होते. खरं तर त्याच्या आयुष्यातलं सांगण्यासारखं तेवढंच होतं. पण ते मी बोललो असतो तर मंडळातल्या लोकांपैकी कुणीतरी, माझा पक्ष ठाऊक असलेल्यानं, माझ्याकडं पाहिलं असतं. कदाचित कुणी पाहिलंही नसतं. सालेहनं मात्र पाहिलं असतं. मी माइक खाली केला आणि नारळ उचलून त्याच्या हातात दिला.

कफीलसाहेब साखरभात न खाताच गेले.

मजलिस

दुसऱ्या दिवशी सकाळी विनायकरावांना फोन आला. फोन ठेवून ते खिडकीशी गेले. मग म्हणाले, "दादा, सालेहचा व्हिसा कॅन्सल करायला सांगितलंय." त्यांनी आवाज चढवला नाही. जावई माणूस, माझ्याशी कधी चढ्या आवाजात बोलले नव्हते, तेव्हाही नाही. सालेह पक्षात होता हे कालपर्यंत त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी सगळी हकिकत सांगितली, तो बाहेर पडला तेही. ते ताडकन उठले. "मग चला. हे तुम्हीच सांगा त्यांना."

कफीलच्या बैठकीच्या खोलीत भिंतीला लागून गाद्या होत्या. हातातल्या इवल्याशा कपात कडू कॉफी. कप हलवून परत केला नाही तर नोकर भरतच राहतो, हे मला माहीत नव्हतं. भीतीनं मी भरेल तितकी पीत गेलो. विनायकरावांनी विषय काढला. कफीलनं माझ्याकडं वळून विचारलं, अगदी मऊ आवाजात, "मास्टरजी, आप ने जो कहा, सच है?"

"जी. लेकिन इन्होंने पार्टी छोड़ दी. तीन साल हुए. सब के सामने छोड़ी."

"तो कल क्यों नहीं बोले?"

खरं उत्तर द्यायला तिथं काहीच अडचण नव्हती. फार तर त्या भल्या माणसाला माझी लाज वाटली असती.

"भूल गया," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "कल बोलते तो मैं मान लेता. आज बोलते हो, तो सब को लगेगा उसको बचाने के लिए बोलते हो. इतने आदमी सुनके गए, मास्टरजी. कल कोई मुझसे पूछेगा, तेरे कागज पर कौन बैठा है, मैं क्या बोलूँ?" मग विनायकरावांना त्यांनी वचन दिलं की कुठंही तक्रार जाणार नाही, माणूस इज्जतीनं आपल्या घरी जाईल. त्यांच्या दृष्टीनं हा मोठाच मेहेरबानीचा भाग होता. घर कुठलं, ते कुणी विचारलं नाही.

बायकोच्या व्हिशाचा अर्ज सालेहच्या व्हिशाबरोबरच संपला.

सालेहची खोली

माझ्या परतीच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्याच्याकडं गेलो. शुभा म्हणाली होती, जाऊ नकोस, त्याला त्रास होईल. पण माझं कुठंच मन लागत नव्हतं. दोनदा त्याच्या इमारतीखालून परत फिरलो, तिसऱ्यांदा जिना चढलो.

खोलीत मुलींचे पलंग होते, प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. ते तो घरमालकाला देऊन चालला होता. त्यानं मला एका पलंगावर बसवलं. प्लास्टिक चरचरलं. चहा केला, वेलदोडा घातला. विमानाचं तिकीट येमेनची राजधानी सनाचं निघालं होतं. तिथून ताइजला जायचं की अदनला, हे ठरत नव्हतं. निवडणुकीचे दिवस, दोन्हीकडं लोक तापलेले. बायकोला काय सांगितलं, असं मी विचारलं. सांगितलं की मी येतोय, तो म्हणाला. ती खूश झाली. का येतोय ते विचारलंच नाही तिनं.

मग त्यानं कप खाली ठेवला.

"सर, एक बात पूछूँ? वो दिन आप ने आधा बोला. आधा भूल गया, या छोड़ दिया?"

त्याच्या आवाजात आरोप नव्हता. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. फुजैराच्या वाटेवर विचारलं होतं तसंच.

"भूल गया, भाई. माइक पर मुझे कुछ याद नहीं रहता."

त्यानं मोठा श्वास सोडला, आणि त्याचे खांदे सैल झाले. इतके दिवस तो हाच विचार करत असावा. "मैं भी यही बोला अपने को," तो म्हणाला. "सर ऐसा आदमी नहीं. इन्सान भूलता है. जो भूल गया, उस पर गुनाह नहीं. मैं माफ किया, सर, दिल से." त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. मी उठलो. दारापाशी त्यानं मला मिठी मारली, त्यांच्या पद्धतीनं, खांद्याला खांदा लावून.

एप्रिलच्या अखेरीस मिरजेत वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी आल्या. येमेनमध्ये सत्ताधाऱ्यांना बहुमत, धार्मिक पक्षाच्या जागा घटल्या, तो सरकारबाहेर. त्या वर्षी वर्गात मी तो पक्ष उदाहरण म्हणून शिकवला. स्थापना, विचारसरणी, निवडणूक. मुलांनी टिपणं उतरून घेतली. सालेहबद्दल विनायकरावांना पुढं काहीच कळलं नाही. पाठवलेली पत्रं परत आली नाहीत, उत्तरंही नाहीत. माझ्या पक्षाची वर्गणी मी त्या वर्षीही भरली. नंतर ती मागायला येणारा माणूस वारला आणि नवा कुणी आलाच नाही, असं ते सुटलं.

विनायकराव अजून मला दादा म्हणतात. शुभाला वाटतं, दादाच्या हातून चूक झाली. चूक झाली असं मीही सगळीकडं सांगत आलो. कुठं असेल तिथं सालेहही तेच धरून चालला असेल. त्यानं विसरणाऱ्याला माफी दिली.

मी विसरलो नव्हतो.